उणे दोन हजार ओळी

१९८२ साली अ‍ॅपलमध्ये ‘लिसा’ संगणकाचं काम जोरात चालू होतं. साहेबलोकांनी एक फॉर्म काढला. या आठवड्यात कोडच्या किती ओळी लिहिल्या, ते प्रत्येक प्रोग्रामरने दर आठवड्याला त्यावर भरून द्यायचं. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी तेव्हा नुकताच क्विकड्रॉ या चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक भाग नव्याने लिहून काढला होता. तो जवळपास सहापट वेगाने चालू लागला आणि कोड दोनेक हजार ओळींनी आटला. अ‍ॅटकिन्सन यांनी फॉर्मवर आकडा टाकला: –२०००. त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड सांगतात की, काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं.

मोजायची हौस मात्र फिटली नाही. आता ओळींच्या जागी कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) आणि तिकिटं (कामांच्या नोंदी) मोजतात, एवढाच फरक. तिकिटं मोजली की लोक एका कामाची चार तिकिटं करतात. त्यांना तरी नावं का ठेवायची?

कंपनी वाढते तेव्हा माणसं आळशी होत नाहीत, वाट पाहणं वाढतं. पाच जणांच्या टीममध्ये एकमेकांशी बोलाव्या लागणाऱ्या जोड्या दहा. पन्नास जणांत १,२२५. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की आणखी उशीर होतो, हे आयबीएममधल्या अनुभवावरून फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं, त्यामागचं एक कारण हे गणित. एखादी डेव्हलपर दोन ओळी बदलते. कोड तपासणाऱ्या चाचण्या चालायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात ती मेल उघडते. चाचणी नापास, पण तिच्या चुकीमुळे नाही, ती चाचणीच लहरी आहे, कोड तोच असला तरी कधी पास तर कधी नापास. ‘परत चालवा’ दाबायचं, पुन्हा वीस मिनिटं. मग रिव्ह्यूसाठी, म्हणजे बदल दुसऱ्यांनी वाचून मान्य करण्यासाठी, दुसऱ्या टीमची वाट. दोन ओळींना दोन दिवस लागतात, आणि लागलेली तंद्री केव्हाच मोडलेली असते.

म्हणून माणसाऐवजी, कामाला किती वाट पाहावी लागते ते मोजावं, हा विचार पुढे आला. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीवरच्या ‘डोरा’ संशोधनाने चार मापं रूढ केली: नवा कोड किती वेळा वापरात जातो, लिहिल्यापासून तिथे पोचायला किती वेळ लागतो, त्यातले किती बदल बिघाड करतात आणि बिघाड किती वेळात निस्तरतो. जे संघ वारंवार नवा कोड वापरात आणतात, त्यांच्याकडे बिघाडही कमी होतात, असं त्यांना आढळलं. ‘घाई कराल तर मोडाल’ म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. छोटा बदल तपासायला सोपा आणि मागे घ्यायलाही सोपा, हे त्यामागचं साधं कारण.

ही मापं टीमची आहेत. त्यांवरून एकेका माणसाचं अप्रेझल करायला बसलं की पुन्हा १९८२ चा फॉर्म.

घड्याळाला सगळंच दिसत नाही. कुठल्या जुन्या कोडला हात लावायची भीती वाटते, हे माणसालाच विचारावं लागतं. पण नुसतं विचारूनही भागत नाही. २०२५ मध्ये एआयच्या क्षमता तपासणाऱ्या ‘मीटर’ या संस्थेने १६ अनुभवी डेव्हलपरांकडून २४६ कामं करवून घेतली. काही कामांत एआयची मदत घ्यायला मुभा, काहींत मनाई. मदतीमुळे आपण २० टक्के वेगाने काम केलं, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त वेळ लागला होता. प्रयोग लहान आणि एआयची साधनं तेव्हाची, तेव्हा एआयविषयी त्यातून फार काही ठरवू नये. अंदाज मात्र केवढा चुकला ते पाहावं.

म्हणून दोन्ही लागतं: आधी माणसांना विचारायचं, मग ती म्हणतील तिथे घड्याळ लावायचं. सुरुवातीला त्या लहरी चाचण्या हुडकून बाजूला काढल्या, तरी फरक जाणवतो. दर तीन महिन्यांनी सर्वेक्षण घेणाऱ्या कंपन्या आहेत, पण मागच्या तक्रारींचं काही झालं नसेल तर पुढचा फॉर्म कोण भरणार? आणि पाच जणांच्या टीममध्ये ‘निनावी’ सर्वेक्षणाला अर्थ नसतो. कोणी काय लिहिलं, ते मॅनेजरला भाषेवरूनच कळतं.