युनि-असिस्ट

युनि-असिस्ट ही जर्मन विद्यापीठांच्या वतीने परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेशअर्ज तपासणारी बर्लिनमधील संस्था. स्थापना २००३. सुमारे १७० विद्यापीठे व उच्चशिक्षणसंस्था तिच्या सभासद आहेत. अर्जदाराला एका सत्रातील पहिल्या अर्जासाठी ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकासाठी ३० युरो भरावे लागतात.

पूर्वी गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रतींचा गठ्ठा कुरिअरने बर्लिनला जाई. आता बहुतेक ठिकाणी ‘माय असिस्ट’ पोर्टलवर स्कॅन चढवले की भागते. मूळ कागद विद्यापीठात नावनोंदणीच्या वेळी दाखवायचे. तपासणी मात्र आजही माणसेच करतात आणि तिला साधारण चार ते सहा आठवडे जातात. हिवाळी सत्राची मुदत बहुधा १५ जुलैला संपते. शेवटच्या रात्री अर्ज भरला आणि एक कागद राहिला, तर तो पुरवायला वेळच उरत नाही. म्हणून निदान दोन महिने आधी अर्ज करावा.

गुणांचे रूपांतर ‘सुधारित बव्हेरियन सूत्रा’ने होते. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, कमाल आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांतील फरकाने भागायचे, तिनाने गुणून एक मिळवायचा. जर्मनीत १ सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास. दहापैकी आठ सीजीपीए असेल आणि पास चारला असेल, तर उत्तर २.०, पास पाचला धरले, तर तेच २.२. पास किती गुणांना हे सांगणारा श्रेणीतक्ता कित्येक गुणपत्रिकांवर मागच्या बाजूला छापलेला असतो. ती बाजू स्कॅन करायला विसरू नये. मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमात ०.२ एवढ्या फरकानेही प्रवेश हुकू शकतो.

महाराष्ट्रातल्या मुलांची आणखी एक अडचण नावाची. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव, आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर क्रम निराळा. पोर्टलवर नाव पासपोर्टप्रमाणेच भरावे.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठासारख्या काही संस्था युनि-असिस्टकडून फक्त पूर्वतपासणीचा दाखला मागतात. अर्ज त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर करायचा असतो. शिवाय १ नोव्हेंबर २०२२ पासून बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी नवी दिल्लीच्या एपीएस या शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचे प्रमाणपत्र लागते. त्याचे शुल्क १८,००० रुपये. म्हणजे त्याच गुणपत्रिका दोन कार्यालये दोनदा तपासतात आणि दोन्हींचे पैसे विद्यार्थ्याच्या घरून जातात. हा दुहेरी भार डिजिटल व्यवस्थेने अजून हलका केलेला नाही.