चाळीतला कांदा, लिलावातली बोली आणि गेम थिअरी

उन्हाळ कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, कधी फोडायची, हा प्रश्न निफाड, येवला, चांदवडच्या शेतकऱ्याला पावसाळाभर सतावतो. ठेवला तर वजन घटतं, कोंब येतात, सड लागते. काढला तर आजचा भाव पदरात पाडून घ्यायचा. पण सडीपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. ऑगस्टनंतर भाव चढेल असं मी धरून चाललो आणि बाकीचे हजारो चाळवालेही तसंच धरून चालले, तर सगळ्यांच्या ट्रॉल्या एकदमच लासलगाव-पिंपळगावला लागणार आणि भाव कोसळणार. माझं गणित तुमच्यावर अवलंबून, तुमचं माझ्यावर. या गुंत्याचा अभ्यास म्हणजे गेम थिअरी.

त्याची पहिली नीट मांडणी 1838 मध्ये ऑग्युस्तँ कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने केली. त्याने झऱ्याचं पाणी विकणारे दोघे कल्पिले. समोरचा किती माल आणेल याचा अंदाज बांधून प्रत्येक जण आपला माल ठरवतो. दोघांनी मिळून ठरवलं असतं तर जास्त नफा झाला असता, पण एकेकट्याने ठरवल्यामुळे माल जास्त येतो आणि भाव उतरतो. विक्रेते वाढत गेले की भाव उत्पादनखर्चाकडे सरकत जातो. चाळवाले हजारोंनी आहेत, तेव्हा त्यांच्या वाट्याला काय येणार हे कूर्नोच्याच हिशेबात दिसतं. त्याच्या पुस्तकाकडे मात्र कित्येक वर्षं कुणी फारसं पाहिलं नाही.

पुढे 1928 मध्ये जॉन फॉन नॉयमनने एकाची जीत तीच दुसऱ्याची हार, अशा दोघांच्या खेळांचं प्रमेय सिद्ध केलं. 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबरच्या त्याच्या ग्रंथाने हा विषय अर्थशास्त्रात आणला. बाजार मात्र असा सरळ जीत-हारीचा नसतो. 1950 मध्ये प्रिन्स्टनच्या जॉन नॅशने अवघ्या 28 पानांच्या प्रबंधात समतोलाची व्यापक कल्पना दिली: एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही, अशी स्थिती. ती सगळ्यांच्या भल्याची असेलच असं नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी मांडलेल्या एका खेळाला अल्बर्ट टकरने दोन कैद्यांची गोष्ट जोडली. तिच्यात प्रत्येक जण आपल्यापुरतं शहाणपणाने वागतो आणि दोघेही तोट्यात जातात.

मग माणसं एकमेकांना सांभाळून घेतात ती कशी? उत्तर पुनरावृत्तीत सापडलं. तोच खेळ त्याच माणसांशी वारंवार खेळायचा असेल, तर आज दगा देणाऱ्याला उद्या धडा शिकवता येतो. रॉबर्ट ऑमनने 1959 मध्ये याचं गणित मांडलं. 1980 च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉडने संगणकावर दोन स्पर्धा घेतल्या. दोन्ही वेळा अनातोल रॅपोपोर्टची सर्वांत साधी चाल जिंकली: सुरुवात सहकार्याने करायची, मग समोरचा वागला तसंच वागायचं.

कांद्याच्या लिलावात माझ्या मते हाच धागा सर्वांत महत्त्वाचा आहे. ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, कुणी मूठभर कांदा उचलून रंग आणि पत्ती पाहतो, क्विंटलचा भाव पुकारला जातो आणि काही क्षणांत घोळका पुढे सरकतो. बोली लावणारे मोजके, रोज भेटणारे, एकमेकांची प्रत्येक बोली ऐकणारे. ट्रॉलीवर उभा शेतकरी मात्र हंगामात थोड्याच वेळा येतो आणि शेजारच्या ट्रॉलीवाल्याला बहुधा ओळखतही नाही. कटकारस्थान नसलं तरी ही रचनाच एका बाजूला एकजुटीला पोषक आहे आणि दुसऱ्या बाजूला मारक. भारतीय स्पर्धा आयोगासाठी झालेल्या 2012 च्या अभ्यासाने महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कांदा बाजारांत मोठ्या व्यापाऱ्यांच्या संगनमताकडे बोट दाखवलं होतं.

लिलावाचं शास्त्र 1961 मध्ये विल्यम विक्री (Vickrey) या अर्थतज्ज्ञाने सुरू केलं. 2020 चं अर्थशास्त्राचं नोबेल पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना लिलावावरच्या कामासाठीच मिळालं. या शास्त्रातला एक निष्कर्ष इथे थेट लागू पडतो: उघड बोलीत संगनमत टिकवणं सोपं, कारण फुटणारा तिथल्या तिथे कळतो. बंद बोलीत तो कळेपर्यंत माल विकला गेलेला असतो.

आणि तिसरा खेळाडू दिल्लीत बसतो. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं तेव्हा नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली. थॉमस शेलिंगने 1960 मध्ये दाखवलं होतं की आश्वासनाचं वजन ते मोडणं किती अवघड आहे यावर ठरतं. निर्यातबंदी रातोरात येऊ शकते हे एकदा अनुभवलं की चाळवाला भाव चढण्याची वाट पाहत नाही, माल लवकर काढतो. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांतला भाव आणखी दबतो.