पक्ष्यांमार्फत बीजप्रसार (खानदेशातील शहरे)

फळ खाऊन त्यातले बी मूळ झाडापासून दूर टाकण्याची पक्ष्यांची क्रिया. जळगाव, धुळे, नंदुरबार येथील बागांत, मोकळ्या भूखंडांवर आणि पांझरेसारख्या नद्यांच्या काठी कुणी न लावलेले निंब, पिंपळ, उंबर बहुतांशी असेच उगवलेले असतात.

कोकीळ, कावळा, साळुंकी निंबोळीचा गर खातात आणि आठळी टाकतात किंवा ओकतात. पिंपळ-उंबराचे खसखशीएवढे बी बुलबुल व तांबट यांच्या विष्ठेतून पडते. बुलबुलाच्या पोटात ते साधारण अर्धा तासच राहते, त्यामुळे फार लांब जात नाही. हरियल उंबरावर थव्याने उतरतो खरा, पण त्याच्या पेषणीत (अन्न दळणाऱ्या जठरात) बहुतेक बिया दळल्या जातात. प्रसाराचे श्रेय त्याला देऊ नये. जळगावजवळच्या मेहरूणच्या प्रसिद्ध बोराची टणक आठळी मुख्यतः कोल्हे, शेळ्या नेतात.

खानदेशात निंब फोफावतो तो वेळ साधल्यामुळे. निंबोळी जून-जुलैत पिकते, पाऊसही तेव्हाच येतो, आणि या बीची उगवणशक्ती काही आठवड्यांतच उतरते. पाऊस लांबला की तो हंगाम वाया जातो. विजेच्या तारेखाली गर गेलेल्या पांढरट आठळ्यांची सरळ रांग पडलेली दिसते; तिथे पेव्हर ब्लॉक असला तर ती सगळी झाडूत जाते. हे नुकसान सहज टाळता येते.

हरभऱ्यात घाटेअळी खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या उभारतात, तसे पक्षीथांबे बागेच्या कुंपणालगत ८-१० फूट उंचीचे रोवावेत. खालची मीटरभर जमीन मृगाआधी भुसभुशीत करून त्यावर दोन बोटे पालापाचोळा पसरावा आणि तिथे गवतकापणी यंत्र फिरवू नये. रोपे दाटीने येतात. दुसऱ्या पावसाळ्यात विरळणी करावी. घाणेरीही याच वाटेने येते, ती फळ धरण्याआधी मुळासकट उपटावी.

भिंतीतला पिंपळ पेन्सिलीएवढा जाड होण्याआधी, भिंत ओली असताना मुळांसह काढून भेग बुजवावी. नुसता छाटला तर पुन्हा फुटतो. काढलेले रोप पिशवीत लावल्यास बहुधा जगते.

बांडगुळाचा प्रसार फुलटोच्या करतो. बी इतके चिकट असते की शेपटीखाली लोंबते आणि पक्षी ते फांदीवर घासून काढतो. तिथेच ते रुजते. पाने ओरबाडून उपयोग नाही, चिकटलेल्या जागेपासून खोडाच्या बाजूला वीतभर अंतर ठेवून फांदीच कापावी लागते.