व्होल्टेज व करंटवरून रोध आणि शक्ती काढणे

उपकरणाच्या दोन टोकांमधले विभवांतर, म्हणजे व्होल्टेज, आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा, म्हणजे करंट, हे दोन आकडे हाती असले की त्याचा रोध आणि ते घेत असलेली शक्ती दोन्ही काढता येतात. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध ओहममध्ये मिळतो आणि गुणले की शक्ती वॅटमध्ये. भागाकाराच्या मुळाशी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम आहे. आकडेमोड शाळकरी मुलालाही जमते. चुका होतात त्या मोजताना, आणि एकदा काढलेला रोध कायम तोच राहील असे धरल्याने.

२३० व्होल्टवर २,००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध सुमारे २६.५ ओहम. कॉइल नायक्रोमची असते आणि या मिश्रधातूचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे हा आकडा पुढच्या हिशोबाला चालतो. व्होल्टेज २०० वर उतरले तर व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध या सूत्राने शक्ती सुमारे १,५१० वॅट येते. व्होल्टेज १३ टक्क्यांनी घटले, शक्ती मात्र २४ टक्क्यांनी. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंश सेल्सिअसला न्यायला आधी पावणेसोळा मिनिटे लागत, आता जवळजवळ एकवीस. वीज मात्र दोन्ही वेळा तेवढीच, अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त (टाकीतून बाहेर जाणारी उष्णता धरलेली नाही).

टंगस्टनच्या तारेला हा हिशोब लागू पडत नाही. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब पेटलेला असताना ०.४३ अँपिअर घेतो आणि त्याचा रोध ५२९ ओहम भरतो. तोच बल्ब काढून मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर लावला तर चाळीसच्या आसपास आकडा दिसतो. मीटर बिघडलेला नसतो. थंड तारेचा रोधच तेवढा असतो. बल्ब पुष्कळदा बटण दाबताक्षणीच का जातो याचे उत्तरही यातच आहे: त्या क्षणी धारा नेहमीच्या दसपटीहून जास्त असते. म्हणून व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी, उपकरण कामाला लागून स्थिरावल्यावर मोजावेत.

अमीटर मंडलात एकसरीत जोडतात आणि व्होल्टमीटर उपकरणाला समांतर. रोध लहान असेल तर व्होल्टमीटरची टोके थेट रोधाच्या टोकांवर टेकवावीत. अमीटरचा स्वतःचा रोध ०.१ ओहम असेल आणि तो व्होल्टमीटरच्या मोजणीत सापडला, तर १ ओहमचा रोध १.१ दिसतो. रोध फार मोठा असेल तर उलट करावे, म्हणजे व्होल्टमीटर अमीटर आणि रोध दोन्हींवर मिळून लावावा, कारण १० मेगाओहमचा डिजिटल व्होल्टमीटर १ मेगाओहमला समांतर लागला की त्यातूनही धारा वाहते आणि उत्तर ९ टक्के कमी येते. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात विसरून व्होल्टेज मोजायला जाणे सर्वांत धोक्याचे: तो सरळ शॉर्ट सर्किट असतो. ओहम रेंज लावण्याआधी पुरवठा बंद हवाच. क्लॅम्प मीटरमध्ये, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरमध्ये, एकच वायर घ्यावी. लाइन आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर शून्य दिसते.

मोटारीत व्होल्टेज गुणिले करंट हे वॅट नसतात, व्होल्ट-अँपिअर असतात. त्यांना पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातली खरी शक्ती किती हे सांगणाऱ्या प्रमाणाने, गुणावे लागते. पंख्याला २३० व्होल्टवर ०.४ अँपिअर लागत असतील तर गुणाकार ९२ येतो. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर खरी शक्ती ७४ वॅट. भागाकारही वाइंडिंगचा रोध देत नाही, प्रतिबाधा (एसी करंटला होणारा एकूण अडथळा, इंग्रजीत इम्पीडन्स) देतो, आणि ती रोधापेक्षा बरीच मोठी असते. थ्री फेजला या गुणाकारात १.७३२ आणखी येतात.

शेतपंपाच्या मोटारी कमी व्होल्टेजला का जळतात, हे इथे कळते. विहिरीतून पाणी उचलण्याचे काम तेवढेच राहते, म्हणून व्होल्टेज उतरले की मोटार, गीझरच्या अगदी उलट, करंट वाढवते. ५ अश्वशक्तीची मोटार ४१५ व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर घेत असेल, तर ३५० व्होल्टवर साधारण साडेनऊ घेईल. तांब्याच्या वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास ४० टक्क्यांनी, आणि वार्निशचे आवरण ती फार काळ सोसत नाही.

वर्गाचा हाच नियम सैल प्लगमध्येही दिसतो. पिन काळी पडलेली, भोवतीचे प्लास्टिक तपकिरी, अशा प्लगच्या सांध्यात ०.१ ओहम जरी रोध असला तरी ८.७ अँपिअरला तिथे साडेसात वॅट उष्णता एका ठिपक्यात साठते. ओहम रेंजवर हा दोष पकडता येत नाही, कारण मीटरच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. जाणकार वायरमन गीझर चालू ठेवून सांध्याच्या दोन बाजूंना व्होल्टमीटर लावतो. चांगल्या सांध्यावर काही मिलिव्होल्ट दिसतात, ०.८७ व्होल्ट दिसले तर सॉकेट बदलायलाच हवे.