झिंक झिजलं, पंखा वाचला

दसरा-दिवाळीच्या सुमारास अलिबागच्या बाजूच्या यार्डात बोटी पाण्यात सोडायची गडबड सुरू होते. मे अखेरीस मुंबई बंदरातून बाहेर काढलेल्या यॉट पावसाळाभर लाकडी ठोकळ्यांवर उभ्या असतात, ताडपत्रीखाली. कोकणातले मच्छीमार झापांनी होड्या शाकारतात, तशाच. गेल्या वर्षी अशाच एका यार्डात मिस्त्रींनी माझ्या हातावर धातूचा एक तुकडा ठेवला. कडा कुरतडलेल्या, अंगभर खड्डे, वर पांढरट भुकटी. शेजारी नवा तुकडा होता, गुळगुळीत आणि जवळपास दुप्पट जड. दोन्ही जस्ताचे. यार्डात त्याला ‘झिंक’च म्हणतात. ज्या शाफ्टवरून ते काढलं होतं त्याच्या टोकाचा, बोट पुढे ढकलणारा ब्राँझचा पंखा मात्र ठणठणीत होता.

“अर्धं खाल्लं गेलं की बदलायचं,” मिस्त्री म्हणाले. “पण वर्षभरानं ते जसंच्या तसं दिसलं, तर खरी काळजी.”

आलिशान यॉटच्या देखभालीवर वर्षाला तिच्या किमतीच्या दहा टक्के खर्च होतो, असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. त्यातलं आपल्याला दिसतं ते पॉलिश, चामड्याच्या खुर्च्या, चकचकीत कठडे. माझ्या मते बोटीचं आयुष्य ठरतं ते पाण्याखाली, जिथे मालकाची नजरही जात नाही. आणि तिथलं सगळं शास्त्र एकाच प्रश्नाभोवती फिरतं: काय झिजू द्यायचं?

शाळेत लिंबात तांब्याची तार आणि जस्ताची पट्टी खोचून केलेला प्रयोग आठवत असेल. दोन वेगळे धातू, मधे क्षारयुक्त किंवा आंबट पाणी आणि दोघांना जोडणारी तार, एवढ्यावर बॅटरी तयार होते. यॉटच्या तळाशी हेच असतं. ब्राँझचा पंखा, स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट आणि भोवती लिंबाच्या जागी अख्खा समुद्र. अशा जोडीत जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो विरघळतो आणि दुसरा वाचतो. जस्त या बाबतीत फार उदार आहे. समुद्राच्या पाण्यात जस्त आणि ब्राँझ यांच्यात साधारण ०.७ व्होल्टचा फरक पडतो, तेवढा जस्ताला झिजवायला पुरतो. झिंक मुळीच झिजलं नाही, तर त्याचा धातूशी संपर्क तुटलेला असण्याची शक्यता मोठी. मग त्याच्या वाटचं दुसरं काहीतरी झिजत असतं.

हे ज्ञान आरमारांना फार महागात पडलं. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलानं ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. लाकूड पोखरणारी कीड आणि तळाला चिकटणारे शिंपले दूर राहावेत हा हेतू, आणि तो साधलाही. जहाज वेस्ट इंडीजला पाठवलं. १७६३ मध्ये तळ तपासला, तेव्हा पत्रे जागोजागी निखळलेले होते, कारण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे गळून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत निघाले. पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि काही ठिकाणी तो कागद तसाच राहून गेला होता. जिथे लोखंड आणि तांबं यांच्यामध्ये कागद होता, तिथे खिळा वाचला. विजेच्या बॅटरीचा शोध लागायला अजून चाळीसेक वर्षं होती. तरी तपासणाऱ्यांनी नेमकी गोष्ट टिपली: या दोन धातूंना एकमेकांना शिवू देऊ नका.

पुढे खिळेही तांबेमिश्रित आले. राहिला तो तांबं स्वतः झिजण्याचा प्रश्न. १८२४ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांनी त्यावर उपाय काढला: तांब्याला लोखंडाचा किंवा जस्ताचा छोटा तुकडा जोडा. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाएवढा तुकडासुद्धा पुरतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. ‘समरँग’ या जहाजावर तुकडे बसवले आणि तांबं खरोखर झिजायचं थांबलं. पण प्रवासाअंती जहाजाचा तळ शेवाळानं आणि शिंपल्यांनी भरून गेला होता. तांबं जीव दूर ठेवायचं ते थोडंथोडं विरघळत असल्यामुळेच. पाण्यात उतरणारे त्याचे आयन चिकटू पाहणाऱ्या पिल्लांना सोसत नसत. डेव्हींनी तांबं वाचवलं आणि त्याचं काम बंद पडलं. नौदलानं ते तुकडे काढून टाकले. मला विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग फार जवळचा वाटतो, कारण डेव्हींचं रसायनशास्त्र शंभर टक्के बरोबर होतं. आज जगभरच्या बोटींवर, पाइपलाइनींवर आणि तेलविहिरींच्या सांगाड्यांवर तीच युक्ती चालते.

हे सगळं माहीत असूनही श्रीमंतांच्या बोटींनी धडा पुन्हा गिरवला. १८९५ मध्ये अमेरिकेत नॅथॅनियल हेरेशॉफ यांनी ‘डिफेंडर’ ही शर्यतीची यॉट बांधली. पाण्याखाली ब्राँझ, वर वजन वाचवायला ॲल्युमिनियम, आत पोलादाचा सांगाडा. त्या वर्षी तिनं अमेरिका कप राखला. तीन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आल्यावर जे व्हायचं तेच झालं. १८९९ मध्ये डागडुजी करून तिला सरावासाठी पुन्हा उतरवलं आणि १९०१ मध्ये मोडीत काढलं.

आजच्या मरिनात, म्हणजे यॉट उभ्या करायच्या बंदरात, तर शेजाऱ्याची यॉटही तुमची बोट खाऊ शकते. धक्क्यावरून विजेची केबल घेतली की अर्थिंगच्या तारेनं सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात आणि मिळून एक मोठी बॅटरी होते. शेजाऱ्यानं झिंक बदललं नसेल, तर तुमचं झिंक त्याचाही पंखा राखू लागतं आणि वर्षाचं दोन महिन्यांत संपतं. म्हणून अर्थिंगच्या वाटेत डायोड असलेली एक छोटी पेटी बसवतात. व्होल्टभराचा हा गळका प्रवाह ती अडवते, पण शॉर्ट सर्किट झालं तर मोठ्या प्रवाहाला वाट देते.

डेव्हींना नडलेले शिंपले मात्र अजून तिथेच आहेत. बोट पाण्यात शिरली की काही तासांत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, मग शैवाल, मग बार्नेकल. हा खेकड्याचा नातलग. त्याचं पिल्लू जागा निवडतं, डोकं टेकवतं आणि आपल्याच सिमेंटनं कायमचं चिकटतं. अमेरिकी नौदल अकादमीतले मायकल शुल्झ यांनी २००७ मध्ये एका युद्धनौकेचा हिशेब मांडला. तळ अशा कवचांनी भरला तर नेहमीचा वेग राखायला ८६ टक्क्यांपर्यंत जास्त शक्ती लागते. वर्षातले बरेच दिवस नांगरून पडणाऱ्या यॉटला हा त्रास अधिक होतो.

उपाय पुन्हा झिजण्याचाच: तांब्याचं ऑक्साइड हळूहळू सोडणारा रंग. मधल्या काळात ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं संयुग घातलेले रंग आले. ते इतके प्रभावी होते, की फ्रान्सच्या आर्काशों खाडीत, जिथे हौशी बोटींची गर्दी असते, तिथल्या कालवांची कवचं वेडीवाकडी होऊ लागली आणि व्यवसाय कोलमडला. १९८२ मध्ये फ्रान्सनं २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर ते रंग वापरायला बंदी घातली. २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानं ते जहाजांवरूनही हटले. एका माणसाच्या हौसेचा तळ स्वच्छ राहावा म्हणून दुसऱ्याची कालवं मरावीत, हे मला अजिबात मान्य नाही.

पण तळ घाण ठेवणं हाही उपाय नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरिनात एक परकी काळी शिंपली सापडली. ती एखाद्या यॉटच्या तळाला चिकटून आली असावी असं मानलं जातं. मूळची मध्य अमेरिकेकडची ही शिंपली आपल्या मुंबई बंदरात त्याआधीच ठाण मांडून बसली आहे. डार्विनमध्ये मरिनाचे दरवाजे बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. शिंपली संपली, आणि तिच्याबरोबर आतलं बाकीचं जीवनही.

यार्डात मी होतो त्या दिवशी तळाला तांबूस रंगाचा शेवटचा हात द्यायचा होता. नवं झिंक बसवून झालं होतं, बोल्ट आवळून झाले होते. एका पोरानं रोलर उचलला तसे मिस्त्री ओरडले, “थांब रे!” झिंकवर रंग बसला तर पाणी त्याला भिडत नाही आणि त्याची झीज थांबते. त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा फाडून झिंकभोवती नीट गुंडाळला, टेप लावली, मग रोलर फिरला. दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी, बोट गाड्यावरून उतरायच्या आधी, त्यांनी खाली वाकून तो कागद स्वतःच्या हातानं काढला आणि उघडं झिंक अंगठ्यानं पुसून घेतलं.