नऊ अंश पन्नास मिनिटं: समुद्रतळाच्या एका भेगेची गोष्ट

२९ एप्रिल २०२५, मंगळवार. कोस्टा रिकाच्या पश्चिमेला सुमारे २,१०० किलोमीटरवर 'ॲल्विन' ही तीन माणसांची पाणबुडी पॅसिफिकच्या तळाकडे उतरत होती. तळ अडीच किलोमीटर खोल आणि जायला तासाहून जास्त वेळ. जायचं होतं 'टिका' नावाच्या उष्ण झऱ्याकडे. आदल्याच दिवशी तिथे फेरी झाली होती, तेव्हा झरा नळकृमींनी, म्हणजे नळीसारख्या कवचात राहणाऱ्या किड्यांनी, गजबजलेला होता. मंगळवारी मात्र तळाजवळ येताना बाहेरच्या पाण्याचं तापमान वाढायला लागलं, पाणी गढूळ झालं, आणि दिव्यांच्या उजेडात दिसला तो नवा कोरा, काळाभोर, काचेसारखा चकाकणारा लाव्हा. नळकृमी नव्हतेच. खडकाच्या फटींतून नारिंगी लकाकी उठत होती. चालक केटलिन बिअर्डशियर यांनी वाढतं तापमान ओळखून पाणबुडी मागे घेतली. आत डेलावेअर विद्यापीठाचे शास्त्रज्ञ अँड्र्यू वोझ्नियाक होते. मध्य-महासागरी पर्वतरांगेवरचा उद्रेक चालू असताना माणसाने तो डोळ्यांनी पाहण्याची ही पहिलीच वेळ.

'मध्य-महासागरी' हा शब्द इथे महत्त्वाचा. समुद्राखालचे धगधगते ज्वालामुखी याआधीही पाहिले गेले होते. पश्चिम पॅसिफिकमधला 'एनडब्ल्यू रोटा-१' आणि २००९ साली 'वेस्ट माटा' ही त्यांची उदाहरणं. पण ते वेगळ्या जातीचे, एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) दुसऱ्याखाली जातो तिथले. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधल्या भेगेत नवा समुद्रतळ तयार होतो, ती जवळपास ६५,००० किलोमीटर लांबीची रांग सगळ्या महासागरांतून फिरते. पृथ्वीवर बाहेर पडणाऱ्या शिलारसाचा मोठा वाटा तिथून येतो, आणि तो येताना कुणी पाहिलेलाच नव्हता. तिथे पाण्याचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या अडीचशे पट असतो, त्यामुळे वाफेचा लोट उठत नाही. वरच्या जहाजाला कळतही नाही.

या रांगेवर शास्त्रज्ञ तळाशी पोचायला लागले त्याला जेमतेम पन्नासेक वर्षं झाली आहेत. फेब्रुवारी १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ उष्ण पाण्याचे झरे शोधायला गेलेले लोक भूशास्त्रज्ञ होते. 'अँगस' नावाचा कॅमेऱ्यांचा सांगाडा तळावरून ओढत असताना तापमानाची एक उसळी नोंदली गेली, आणि नेमक्या त्याच ठिकाणच्या मोजक्या फोटोंत मोठाले शिंपले दिसले. मग ॲल्विन खाली गेली. सूर्यप्रकाशाचा कण पोचत नाही अशा अंधारात शिंपले, खेकडे, लाल टोकाचे नळकृमी अशी गर्दी होती. जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, नमुने टिकवायला फॉर्मालीन पुरेसं नव्हतं, म्हणून काही नमुने पनामात घेतलेल्या रशियन वोडकात ठेवले गेले. विज्ञानाच्या इतिहासातल्या इतक्या मोठ्या शोधाची अशी घाईगडबडीची सुरुवात मला फार जवळची वाटते.

दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडे पूर्व पॅसिफिक रांगेवर 'काळी धुराडी' सापडली. खनिजांनी काळं झालेलं पाणी चिमणीतून जोरात वर येत होतं, आणि तापमान मोजायला आत घातलेल्या उपकरणाचं प्लास्टिक वितळलं. पुढे मोजलेलं तापमान ३५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं. दाबामुळे एवढं तापलेलं पाणीही उकळत नाही. भेगांतून खाली झिरपलेलं समुद्राचं पाणी शिलारसाच्या जवळ जाऊन तापतं, खडकातले धातू आणि गंधक विरघळवून घेऊन परत वर येतं, आणि गार पाण्यात शिरताच ते सगळं काळ्या गाळासारखं साकळतं.

नळकृमीला तोंड नाही, आतडंही नाही. मग तो जगतो कशावर, हा प्रश्न १९८० च्या सुमारास सोडवला हार्वर्डमधल्या कोलीन कॅव्हना या विद्यार्थिनीने. कृमीच्या शरीरात जिवाणू राहतात. त्याचे लाल पंख पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा तो विषारी वायू, घेतात आणि जिवाणू त्यातून अन्न बनवतात. म्हणजे झरा बंद पडला, की वस्ती उपाशी. आणि झरा देणारी धग खालून उसळून वर आली, की वस्ती जळून जाते. जगणं आणि मरणं एकाच भेगेतून.

टिका याच पूर्व पॅसिफिक रांगेच्या ज्या पट्ट्यात आहे त्याला शास्त्रज्ञ नुसतं 'नऊ-पन्नास' म्हणतात: उत्तर अक्षांश ९ अंश ५० मिनिटं. इथे पॅसिफिक आणि कोकोस हे भूपट्ट वर्षाला सुमारे ११ सेंटिमीटरने दूर होतात. शिलारसाचा साठा तळाखाली जेमतेम दीड किलोमीटरवर. १९८९ साली भूशास्त्रज्ञ रेचल हेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पट्ट्याचे बारकाईने फोटो काढून ठेवले होते. १९९१ च्या एप्रिलमध्ये ते परत खाली गेले, तर ओळखीच्या जागा सापडेनात. सगळीकडे ताजा लाव्हा, फटींतून बर्फवृष्टीसारखे बाहेर उडणारे जिवाणूंचे पांढरे तुकडे, आणि एका जागी अर्धवट भाजलेले नळकृमी. त्या जागेला नाव पडलं 'ट्यूबवर्म बार्बेक्यू'. उद्रेक होऊन फार तर काही आठवडे झाले होते.

या विनाशाच्या पुढची पायरी मला सगळ्यात थक्क करते. वर्षभराच्या आत टेव्हनिया नावाचे छोटे नळकृमी तिथे रुजले होते. १९९३ च्या डिसेंबरमध्ये रिफ्टिया हे मोठे नळकृमी दाट वाढलेले दिसले; त्यांची वाढ वर्षाला ८५ सेंटिमीटरहून अधिक! अंधारात, थंडगार पाण्यात, दगडावर.

दुसरा उद्रेक समजला तो उपकरणं गप्प झाली तेव्हा. भूभौतिकशास्त्रज्ञ माया टॉल्स्टॉय यांच्या गटाने या पट्ट्यात १२ भूकंपमापक तळावर ठेवले होते. २००६ च्या एप्रिलमध्ये ते वर बोलावले, तर आठ आलेच नाहीत. लाव्हाखाली अडकले होते. जे परतले त्यांच्यातल्या नोंदींनी सांगितलं, की वर्षानुवर्षं भूकंपांची संख्या चढत गेली होती. तो लाव्हा रांगेच्या सुमारे १८ किलोमीटरच्या पट्ट्यावर पसरला होता. खडकातल्या पोलोनियम-२१० या १३८ दिवसांत निम्म्या होणाऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्यावरून लाव्हाचं वय काढलं जातं, त्यावरून उद्रेक २००५ च्या उन्हाळ्यापासून २००६ च्या सुरुवातीपर्यंत चालला असावा असं दिसतं.

हा लाव्हा म्हणजे बेसाल्ट. सह्याद्रीतला, आपल्या घाटांतला आणि किल्ल्यांच्या तटांतला काळा पाषाण त्याचाच भाऊबंद; तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला, हा आत्ता पाण्याखाली पसरतो. अशाच झऱ्यांचा शोध आपल्याकडेही चालू आहे. वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांनी डिसेंबर २०२४ मध्ये हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलवरच्या एका सक्रिय झऱ्याची छायाचित्रं मिळवली.

नऊ-पन्नासला तिसरा उद्रेक जवळ आला आहे, हे शास्त्रज्ञ काही वर्षं सांगत होते. झऱ्यांच्या पाण्याचं तापमान चढत होतं, आणि मागच्या दोन उद्रेकांतलं अंतर सुमारे पंधरा वर्षांचं होतं. दिवस मात्र कुणालाच माहीत नव्हता. १९९१ मध्ये पोचायला काही आठवडे उशीर झाला, २००६ मध्ये काही महिने. आता नव्या लाव्हावर पहिले जिवाणू केव्हा आले, पहिला टेव्हनिया केव्हा रुजला, पहिला रिफ्टिया केव्हा उगवला, हे मोजायला सुरुवातीचा दिवस मिळाला आहे. सोमवारी झरा जिवंत होता, मंगळवारी लाव्हाखाली गेला.