प्रसूतिपश्चात भावविकार

बाळंतपणानंतर स्त्रीला जडणारे मनःस्थितीचे विकार. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास विनाकारण रडू येणे, मन हळवे होणे हे निम्म्याहून अधिक बाळंतिणींत दिसते आणि दोन आठवड्यांत आपोआप निवळते; त्याला विकार न म्हणणेच बरे. नैराश्य सुमारे १० ते १५ टक्के स्त्रियांत, तर चित्तविकृती (भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटणे) हजारी एक-दोघींत आढळते.

प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझच्या नावावरील ग्रंथांत बाळंतिणीच्या बुद्धिभ्रंशाची वर्णने आहेत. मात्र तो प्रसूतिज्वरातला वात (तापातील भ्रम व बडबड) असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ लुई व्हिक्टर मार्से यांच्या १८५८ च्या ग्रंथापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला असे सामान्यतः मानतात. हा स्वतंत्र रोग की इतर भावविकारांचाच प्रसूतीने चाळवलेला प्रकार, हा वाद तेव्हापासूनचा. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाने १९९४ मध्ये विकाराच्या सुरुवातीला प्रसूतीनंतरच्या चार आठवड्यांची मर्यादा घातली; २०१३ मध्ये गर्भारपणही त्यात आले. प्रत्यक्ष उपचार करणारे बहुधा वर्षभराचा काळ धरतात व तेच व्यवहार्य होय.

प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही स्त्री-संप्रेरके झपाट्याने उतरतात. पण ते सर्वच स्त्रियांत उतरतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात ही संप्रेरके देऊन नंतर बंद केली असता, पूर्वी असे नैराश्य येऊन गेलेल्या आठपैकी पाच जणींत लक्षणे उमटली, इतर आठ जणींपैकी एकीतही नाही. म्हणजे पातळीपेक्षा संवेदनशीलता महत्त्वाची दिसते.

प्राथमिक चाळणीसाठी १९८७ ची दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली रूढ आहे. थकवा, भूक यांविषयी ती विचारत नाही, कारण या तक्रारी कोणत्याही बाळंतिणीला असतातच. तीसपैकी तेरा वा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा असून त्याला होकार आल्यास एकूण गुण कितीही कमी असोत, लगेच चौकशी करावी लागते. बाळ झोपले असतानाही आईला झोप न लागणे ही खूण बोलकी आहे. थायरॉइड व रक्तक्षय तपासतात. पूर्वी उन्मादाचा (अवाजवी उत्साह व चेतनेचा) झटका आला होता का, हे विचारणे अत्यावश्यक; तसे असल्यास नुसत्या नैराश्यरोधकाने उन्माद उसळू शकतो.

सौम्य नैराश्यात मानसोपचार पुरतात. औषध लागल्यास सर्ट्रालीन हे नैराश्यरोधक दुधात अत्यल्प उतरत असल्याने त्याला पसंती मिळते. चित्तविकृतीत मात्र तातडीने रुग्णालयात दाखल करणे, मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम, प्रसंगी विद्युत्‌झटका उपचार. प्रसूतिपश्चात नैराश्यासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये साठ तास शिरेतून द्यायच्या ब्रेक्झॅनोलोनला आणि २०२३ मध्ये चौदा दिवस तोंडावाटे घ्यायच्या झुरॅनोलोनला मान्यता मिळाली.